विष्णुकाका बाजारात

पेला ओठांपर्यंत गेला होता आणि नेमक्या त्याच वेळी कीर्तीला समोरच्या टीव्हीवर कीर्ती दिसली. भागाबाईच्या घरातला टीव्ही भिंतीवर जरा उंच, देवांच्या तसबिरींच्या रांगेत टांगलेला. त्यामुळे चटईवर बसून, मान वर करून, आपण आपलंच दर्शन घेतोय असं काहीसं झालं. कालच्या संध्याकाळच्या बातम्या दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा लागतात, त्या लागल्या होत्या. तीच जांभळी साडी, तेच मोठे डूल, आणि तोंड हलत होतं. आवाज मात्र नव्हता. पण तोंड स्वतःचंच असलं की ते काय म्हणतंय हे कळायला आवाज लागत नाही. टीव्हीतली कीर्ती सांगत होती की रुआबांधा भागातल्या लोकांनी नळाचं पाणी उकळूनच प्यावं, नळाचा पाइप फुटला आहे. आणि टीव्हीसमोरची कीर्ती रुआबांध्यात, भागाबाईच्या ओट्यालगतच्या खोलीत, माठातलं गार पाणी प्यायला निघाली होती. माठातलं म्हणजे अर्थात नळाचंच. तिनं पेला खाली घेतला. अजून घोट घेतला नव्हता, एवढंच काय ते बरं. भीती वाटली असती तर ती समजून घेतली असती; पण वाटलं ते वेगळंच. काल सात-साडेसाताला ही बातमी आपण वाचली, त्यानंतर घरी जाऊन भाकरी थापल्या, झोपलो, उठलो, ऑटोनं इथं आलो, आणि या सगळ्यात ती बातमी एकदाही आठवली नाही. जणू वाचली ती दुसऱ्याच कुणी बाईनं.

"पे नं वो," भागाबाई म्हणाली. "माठ यंदाचा नवा हाये. थंडं होते पानी."

दर मे महिन्यात कीर्ती इथं कुरडया न्यायला यायची. भागाबाईच्या गव्हाच्या कुरडया दुर्गपर्यंत प्रसिद्ध. मराठी मंडळातल्या बायका आधीच सांगून ठेवत. भागाबाई रेल्वेवाल्यांची, मूळची नागपूरकडची. नवरा विष्णू दुर्ग स्टेशनात पॉइंट्समन होता. कीर्तीचं माहेर-सासर दोन्ही दुर्ग-भिलाईतलं, नात्यानं कुणीच नाही. पण मंडळाच्या गणपतीत एकत्र पुरणपोळ्या लाटल्यापासून ती मावशी आणि विष्णुभाऊ काका झालेले. काका दुसऱ्या कोरोनात गेले. तेव्हा कुणीच कुणाकडे जात नव्हतं; कीर्तीनं फोनवरच दोन शब्द बोलून घेतले होते.

"मावशी, टीव्हीचा आवाज गेला का?"

"नाही वो. मीच बंद ठेवतो." भागाबाई सूप घेऊन समोर बसली आणि जरा ओशाळली. "राग नको मानू. तुह्या आवाजात काई खोट नाही. पन मले कुठं बातम्या पायजे असते?"

"मग कावून लावता?"

"आमचे येतेत ना."

पुढं काही विचारायच्या आत भागाबाईनं तळहात वर केला, आरतीत घंटा थांबवायला करतात तसा. पाण्याची बातमी संपून लग्नसराईतल्या बाजारातल्या गर्दीची बातमी सुरू झाली होती. सुपेल्याचा चौक. लोकांची लोंढ्यासारखी गर्दी, फुगेवाला, एका मुलाला खांद्यावर घेतलेला बाप, आणि डावीकडून पांढरा हाफशर्ट घातलेला, खांद्याला कापडी पिशवी लावलेला एक उंच माणूस येतो, केळीच्या गाडीपाशी थांबतो, फणी हातात घेऊन वर धरतो, मग मागं वळून कुणाला तरी शोधतो.

"पाय. आता वयतेत." भागाबाईचा आवाज खाली आला. "हं. वयले. मलेच पाहून राहिले. मी मांगं राहिली व्हती, बांगड्याच्या दुकानात."

मग चित्र बदललं, कुठल्याशा ज्वेलर्सची जाहिरात लागली, आणि भागाबाई सुपातल्या कुरडया निवडायला लागली. जसं काही शेजारचं माणूस दारावरून जाताना हाक मारून गेलं.

कीर्तीला तो शॉट माहीत होता. माहीत होता म्हणजे, तिच्या हाताला माहीत होता. कॉम्प्युटरमधलं त्याचं नाव 'बाजार-१'. दिवाळीला तो, तिजाच्या सणाच्या खरेदीला तो, कांदा महागला तरी तो, कांदा स्वस्त झाला तरी तोच. तिच्या नवऱ्यानं, भूषणनं, चॅनल सुरू झालं त्या पहिल्या धनत्रयोदशीला एका दुकानाच्या गच्चीवरून काढलेला. ती स्वतः खाली उभी राहून कॅमेऱ्याची बॅग सांभाळत होती. नंतर इतक्या वेळा तो तिनं कापला, जोडला, बातमीच्या मापाचा केला, की कापड विकणाऱ्याला ठाण दिसतं तसा तो तिला दिसायचा. लांबी दिसायची. माणसं दिसायची नाहीत. विष्णुकाकांना ती ओळखत होती, त्यांच्या हातचा मंडळातला प्रसाद खाल्ला होता. ते गेल्यावर दर सणाला त्यांना स्वतःच्या हातानं बाजारात पाठवत होती, केळी घ्यायला लावत होती, आणि एकदाही तिनं त्यांना पाहिलं नव्हतं. आपल्या बातम्या कुणी बघत नाही, असं तिला अधूनमधून वाटायचं. आज कळलं की इतकी वर्षं न बघणारी तीच होती.

या धंद्यात ती आली ती लग्नाच्या दारातून. भिलाईच्या पावर हाउस भागात भूषणचं व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं, आणि तो लग्नं शूट करून आणायचा त्या कॅसेटी जोडायचं काम ती शिकली. कुणी शिकवलं नाही, चुकत चुकत शिकली. त्या कामातला पहिला नियम असा की पडदा रिकामा ठेवायचा नाही. नवरी रडताना फोकस गेला? गुलाब टाका. वरातीत लाइट गेली? धबधबा टाका. ज्या जोडप्यानं डोंगरगडच्या पलीकडचं जग पाहिलं नव्हतं ते तिच्या हातानं बर्फाच्या डोंगरांपुढं उभं राहायचं, आणि घरची मंडळी डोळे पुसत म्हणायची, काय सुंदर बनवलं हो वहिनी. कुणी विचारलं नाही की हा डोंगर कुठला. लग्नाच्या व्हिडिओत तसं विचारत नसतात. तो सगळ्यांनी मिळून मान्य केलेला आनंद असतो. मग केबलवाल्या भैय्याजींनी बातम्यांचं चॅनल काढलं, 'नगर झरोखा', आणि तिला बोलावलं. भूषणचे शॉट, तिचा हात, तिचंच तोंड. बातमी आली, चित्र नाही? काय बिघडलं. चोरीच्या बातमीला पोलिसांची जीप, तापाच्या बातमीला दवाखान्याचा व्हरांडा, उकाड्याला रसवंती. ती रसवंती बंद होऊन तिथं मोबाइलचं दुकान आलं होतं, पण मे महिना आला की तिची चरकी पुन्हा घुंगरं वाजवत फिरायची. खोटं बोलावं असं कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. पडदा रिकामा दिसू नये, इतकंच. गुलाबाची सवय होती ती. फक्त गुलाबाच्या जागी आता जीप होती.

आतल्या खोलीतून कुणी तरी कण्हल्यासारखं झालं.

"सई हाये," भागाबाई म्हणाली. "पोट दुखते म्हंते दोन दिसापासून. जेवून नाही राहिली. पोरगा-सून दोघं ड्यूटीवर गेले. मले त ऊन लागल्यासारकं वाटते. तू पाय बरं जरा, डोये पिवये दिसतेत का? मले चष्म्यातून सगयंच पिवयं दिसते."

सई भागाबाईची नात, सातवी-आठवीतली. खाटेवर पोटाशी उशी घेऊन पडली होती. कीर्तीनं तिचा चेहरा खिडकीकडे वळवून खालची पापणी ओढून बघितली. पिवळे होते की नव्हते? खिडकीतून येणारं ऊनच पिवळं होतं. आपल्याला बघता येत नाही, हे तिला इतकं स्पष्ट यापूर्वी कधी कळलं नव्हतं. उशाशी स्टीलचा तांब्या होता, अर्धा प्यायलेला.

"मावशी, हिला आजच डॉक्टरकडे न्या. तिच्या बाबाला, सुमंतला फोन लावा, यायला सांगा. आणि हे पाणी देऊ नका. उकळून द्या. पाण्यात घाण आली आहे."

भागाबाई दारात उभी राहिली. तिनं एकदा कीर्तीकडं बघितलं, एकदा भिंतीवरच्या टीव्हीकडं.

"हे तू सांगून राहिली," तिनं विचारलं, "का तुह्यं चॅनल सांगून राहिलं?"

विचारलं साधेपणानंच. टोमणा असता तर कीर्तीला उत्तर सुचलं असतं. टोमण्यांना उत्तरं असतात. पण या प्रश्नाला खरं उत्तर एकच होतं आणि ते देता येत नव्हतं. पाणी खराब झालंय हे तिला माहीत नव्हतं. तिनं ते वाचलं होतं. मोबाइलवर कुठून तरी चार ओळी आल्या, त्या तिनं बोलून दाखवल्या, जशा रोज दाखवते. खरं असेल, किंवा पंधरा दिवसांपूर्वीचं असेल, किंवा दुसऱ्याच कुठल्या वस्तीचं. म्हणून तर हात पेल्याकडं गेला होता. या गल्लीचा तिच्यावर विश्वास नव्हता यात नवल ते काय. तिचा तरी कुठं होता?

सईनं उशीतून तोंड काढलं. बोलायला विषय मिळाल्यावर तिचं पोट जरा कमी दुखत असावं. "आंटी, कल तो सब लोग हँस रहे थे. आप बोले पानी उबालो, और पीछे कौन सा नल दिखाए? वो कोनेवाला. वो नल तो कब का उखाड़ दिए! मोना की मम्मी बोली, पुरानी खबर है, फिर से चला दी."

"सगळे असंच म्हणतात?"

"हौ. यहाँ तो सब केला चैनल बोलते हैं." मग आजी ऐकतेय हे लक्षात येऊन ती मराठीत आली. "म्हंजे, आजोबा केळे घेते ना, म्हणून. गुस्सा मत होना. हम लोग शर्त भी लगाते हैं, अब कौन सा आएगा, जीप या दवाखाना. मीच जिंकते."

"चूप बस वो," भागाबाई म्हणाली, पण तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काही हललं. आपल्या माणसाच्या नावानं एखादं चॅनल ओळखलं जावं, याचं तिला आत कुठं तरी बरंच वाटत असणार.

कीर्ती उठली. चपला घालता घालता तिनं एवढंच सांगितलं, की तासाभरात येते, तोवर सईला हे पाणी देऊ नका. गल्ली संपून नालीला वळण आहे तिथवर ती विचारत विचारत गेली. खरं तर हे विचारणंच तिला अवघड गेलं. रोज संध्याकाळी सबंध शहराशी बोलणाऱ्या बाईला, एका पिठाच्या गिरणीबाहेर उभ्या असलेल्या माणसाला 'भैया, पाइप कहाँ फूटी है?' एवढं म्हणायला दोनदा घसा साफ करावा लागला. सांगण्याची सवय असलेल्या माणसाचा विचारण्याचा स्नायू वाळून जातो. माणसानं तिच्याकडे निरखून पाहिलं, ओळखलं, आणि ओळखल्याचा त्याला काही विशेष आनंद झालेला दिसला नाही. त्यानं हनुवटीनं पुढं दाखवलं.

खड्डा होता. खरोखरचा, ओला, गुडघ्याएवढा. काठावर उकरलेल्या मातीचा ढीग, एका काठीला बांधलेली लाल चिंधी, आणि तळाशी काळं पाणी हळूहळू वर येत होतं, त्यात नळाचा गंजलेला पाइप बुडाला होता. वास असा की पदर आपोआप नाकाशी गेला. गेल्या कित्येक वर्षांत तिनं वाचलेल्या कुठल्याही बातमीला वास नव्हता. खाली उतरलेल्या दोन मजुरांपैकी एकानं वर बघून म्हटलं, "पीछे हटिए मैडम, मिट्टी कच्ची है."

"ये गंदा पानी घरों में जा रहा है?"

"जा रहा है तभी न खोदे हैं." त्यानं ते अशा स्वरात सांगितलं की जणू ही गोष्ट काल टीव्हीवरसुद्धा सांगून झाली होती.

तिनं मोबाइल काढला. बोट कोपऱ्यात येत होतं, आपलीच चप्पल चौकटीत दिसत होती. भूषणनं बघितलं असतं तर कपाळाला हात लावला असता. पण तिनं कापलं नाही काही. पाणी वर येताना, चिंधी हलताना, मजूर "हटिए" म्हणताना, सगळं घेतलं. घेता घेता तिला एक विचित्र गोष्ट जाणवली. छातीतली धडधड भीतीची नव्हती. लहानपणी दुर्गला शाळेतून पळत येऊन आईला काही तरी सांगायचं असायचं, दारापासूनच ओरडत, तशी ती होती. पाहिलेलं सांगायची घाई. ती आपल्यात अजून शिल्लक आहे, हे तिला माहीत नव्हतं.

परत आली तेव्हा सुमंतची मोटरसायकल दारात उभी होती आणि सईला मागं बसवून दवाखान्यात न्यायची तयारी चालली होती. भागाबाई कीर्तीच्या चिखलानं भरलेल्या चपलांकडं पाहत राहिली.

"मावशी, मी पाहून आली. आता मी सांगून राहिली."

भागाबाई वळून आत गेली, मोठं पातेलं काढलं, माठ त्यात उपडा केला आणि गॅस पेटवला. मग कुरडयांची पिशवी आणून कीर्तीच्या हातात दिली, आणि पिशवीचा कान सोडेना.

"ते बाजारवालं काढू नको वो," ती म्हणाली. "तुह्या तोंडावरून मले समजून राहिलं तू काहाचा इचार करून राहिली ते. पोट्टे हासतेत त हासू दे. घरात त्याहिचे फोटो लय हायेत. पन सगयेच बसलेले. चालतांनी तेवढेच हायेत."

ऑटो सुपेल्यात येऊन अडकला. अडकतोच तो तिथं. कीर्ती पिशवी मांडीवर घेऊन बाहेर बघत होती, आणि प्रथमच ती या चौकाची 'बाजार-१' शी तुलना करत होती. बांगड्यांचं दुकान नव्हतं, तिथं चष्म्यांचं आलं होतं. ज्या गच्चीवरून भूषणनं शूट केलं ती पत्र्यानं झाकली गेली होती. खांद्यावर बसलेला तो मुलगा आता मिशा फुटून कुठं तरी मोटरसायकलवर फिरत असेल. आणि त्याचा बाप? आणि फुगेवाला? इतकी वर्षं ती एका चौकावर दुसरा चौक पांघरत आली होती, आणि खालचा चौक गुपचूप बदलत राहिला होता, आणि त्यात राहणाऱ्या माणसांना तो फरक रोज दिसत होता. माणसं काही बोलली नाहीत. तक्रार केली नाही, पत्रं लिहिली नाहीत. त्यांनी फक्त आवाज बंद केला. कुणी खरोखरचा, कुणी मनातल्या मनात. असं होतं नात्यांतसुद्धा. भांडतो तोवर माणूस आपला असतो, मग एक दिवस तो हो-हो म्हणायला लागतो, आणि आपल्याला वाटतं सगळं छान चाललंय. तिनं मोबाइलमधला खड्डा पुन्हा पाहिला. हे दाखवायचं आणि त्याच्या पाठोपाठ नेहमीसारखा 'बाजार-१' लावायचा, तर गल्ली काय समजेल? खड्डाही जुनाच समजेल. एका खऱ्या चित्रानं भागत नाही. शेजारचं खोटं त्यालाही खातं. काकांना मोबाइलमध्ये टाकून मावशीला देता येईल, सहज देता येईल. पण ते तसंच होणार नाही, हे तिला कळत होतं. टीव्हीवर ते आपणहून यायचे. मोबाइलमध्ये त्यांना बोलवावं लागेल. बोलावून येणारा नवरा आणि आपल्या मनानं बाजाराला निघालेला नवरा, यात केवढा फरक.

पावर हाउसला फोटो-फ्रेमच्या दुकानावर 'नगर झरोखा'चं ऑफिस. भैय्याजी पंख्याखाली खुर्ची टाकून बसलेले. माणूस वाईट नव्हता. पगार थकवला तर स्वतःच तोंड लपवायचा. त्यांनी मोबाइलवरचा खड्डा पाहिला, मान तिरकी केली.

"कीर्ती जी, ये क्या है? आपका पैर दिख रहा है."

"मेरा ही है, भैय्याजी. मैं गई थी."

"अरे, पानी का शॉट तो पड़ा है अपने पास. साफ-सुथरा. क्यों धूप में..."

"वो नल उखड़ गया है. गलीवाले जानते हैं. उन्होंने सोचा खबर भी पुरानी है, और वही पानी पीते रहे. एक बच्ची को अभी अस्पताल ले गए."

भैय्याजी मग पंख्याकडं बघत म्हणाले, "लोग इतना ध्यान से देखते कहाँ हैं?"

"देखते हैं. म्यूट करके देखते हैं."

कन्सोलवर बसणारा गुड्डू (नावानं गुड्डू, वयानं पन्नाशीचा, चार नातवंडांचा आजोबा) खुर्ची फिरवून हसला. "सही बोल रही हैं भैय्याजी. मेरे घर में भी म्यूट रहता है. मैं बताता नहीं था, आपको बुरा लगेगा." भैय्याजींनी त्याच्याकडं घरचाच माणूस उलटल्यासारखं पाहिलं, मग हात झटकून म्हणाले, "चलाओ फिर. पर बाजारवाली खबर में क्या करोगी? भिलाई में कोई बिना विजुअल के खबर देखता है?"

 भूषण तीन दिवस राजनांदगावला लग्नात अडकलेला, दुसरा कॅमेरा नाही. संध्याकाळपर्यंत ती कॉम्प्युटरसमोर बसली. 'बाजार-१' उघडलं. आवाज बंद करून पाहिलं. पांढरा हाफशर्ट, पिशवी, केळीची फणी, वळणं. भागाबाई म्हणते तसं तिनं मनात म्हटलं, वळले. किती साधं वळणं ते. बायको मागं राहिली म्हणून वळलेला माणूस, बस. तो बातमी व्हावा असं त्यात काही नव्हतं, आणि आपण त्याला कांद्याच्या भावाला जुंपलं. तिला वाटलं, बातमीतून त्यांना काढणं म्हणजे घालवणं नव्हे. त्यांना त्यांच्या धनत्रयोदशीत परत जाऊ देणं आहे. असं वाटलं खरं. पण लगेच पिशवीचा कान न सोडणारी ती बोटं आठवली, आणि हे सगळं शहाणपण जरा फार गोड लागायला लागलं. शहाणपण खरं असलं तरी मावशीचा टीव्ही आज रिकामा राहणार होता. तो तिनं रिकामा करायचा होता, दुसऱ्या कुणी नाही. सुमंतचा फोन आला: डॉक्टरांनी रक्त तपासलं, काविळीची सुरुवात आहे, वेळेवर आणली म्हणाले, घरीच आराम आणि उकळलेलं पाणी. कीर्तीनं डोळे मिटले. मग गुड्डूला म्हणाली, "भाई, आज बाजार मत लगाना."

बुलेटिन लाइव्ह जायचं, ते काही निष्ठेपायी नव्हे, आधी रेकॉर्ड करायचा भैय्याजींना कंटाळा म्हणून. लाल दिवा लागला. पहिली बातमी बाजाराची. तिनं वाचली आणि नेहमीच्या जागी, जिथं चित्र यायचं तिथं, तीच राहिली. समोरच्या मॉनिटरमध्ये तिला तिचा चेहरा दिसत होता, घाम आलेला, काहीही मागं नसलेला. लग्नाच्या धंद्यातला पहिला नियम ती मोडत होती. "इसकी आज की तस्वीर हमारे पास नहीं है," ती म्हणाली. वाक्य लिहिलेलं नव्हतं. मग तिनं पाण्याची बातमी घेतली, खड्डा आला, चप्पल आली, मजूर "हटिए" म्हणाला. "ये मैंने आज सुबह खुद देखा है. शीतला मंदिर के सामने, रुआबांधा. पानी उबालकर पिएँ. कल वहाँ टैंकर आएगा."

टेबलावरचा फोन वाजला. हा फोन जाहिरातवाल्यांसाठी होता. बुलेटिन चालू असताना तो कधी वाजल्याचं तिला आठवत नव्हतं. गुड्डूनं उचलला, ऐकलं, आणि काचेपलीकडून हात हलवायला लागला. जाहिरात लागली तशी ती धावली.

"हौ मैडम, नत्थू बोल रहा हूँ, चक्कीवाला," पलीकडून आवाज चिडलेला. "गड्ढा मेरी चक्की के सामने है! मंदिर तो इधर कहाँ, वो तो पिछली गली में है. आप सुबह मेरे से ही पूछ के गईं, और टीवी में मंदिर बोल दिए. अब लोग उधर जाके ढूँढ रहे हैं. कुछ तो ठीक बोला करो!"

इतक्या वर्षांत कुणी तिला बातमीवरून झापलं नव्हतं. तिला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही, आणि दोन्ही एकाच वेळी आवरायला फार वेळ नव्हता. "गलती हो गई नत्थू भाई," ती म्हणाली, "अभी सुधारती हूँ." भैय्याजी दारात येऊन उभे होते, चॅनलच्या जन्मापासून त्यांनी एकही चूक कबूल केली नव्हती, आणि आता काय करावं हे त्यांना समजत नव्हतं, म्हणून त्यांनी काहीच केलं नाही. दिवा लागला. "एक सुधार," ती म्हणाली, "गड्ढा मंदिर के सामने नहीं, नत्थू भाई की चक्की के सामने है. उन्होंने फोन करके बताया. धन्यवाद." मग उरलेल्या बातम्या वाचल्या, त्यातल्या अर्ध्या चित्रांशिवाय. दिवा विझला तेव्हा फोन पुन्हा वाजत होता.

"कीर्ती?" भागाबाईचा आवाज. "आज आमचे नाही आले."

"नाही मावशी." ती खुर्चीत बसली. "आज जे आजचं व्हतं तेवढंच दाखवलं."

पलीकडं मागं सईचा आवाज, भांड्याचा आवाज, आणि टीव्हीचा. टीव्हीचाही. कुठल्याशा जाहिरातीतलं गाणं, मोठ्यांदा.

"मी वाट पायली," भागाबाई म्हणाली. "मंग म्हटलं कावून नाही आले, पाहू त का सांगून राहिली हे. आवाज लावला. बरं केलं तू. म्हंजे, बरं नाही केलं. पन ठीक हाये." तिनं नाक ओढलं. "ते राहू दे. उद्या टँकर येनार म्हने तू. किती वाजता येनार? आमच्या इकडल्या बाया कामावर जातेत सकायी. त्याहिनं पानी कसं भरावं? ते त सांगतलंच नाही तू."

कीर्तीनं समोरच्या कागदाकडं पाहिलं. टँकर येईल, एवढंच होतं. वेळ नव्हती. काल असतं तर ती 'सकाळी' म्हणाली असती. सकाळी हा शब्द कुठंही बसतो.

"मले नाही माहीत, मावशी," ती म्हणाली. "पन मी आत्ता इचारते."

"इचार नं मंग," भागाबाई म्हणाली. "दुसऱ्या फोनवरून लाव. मी फोन धरून हाये."

कीर्तीनं रिसीव्हर टेबलावर तसाच उघडा ठेवला, मोबाइलवर टँकरवाल्याचा नंबर शोधला आणि उभ्या उभ्याच लावला.